सबनीसांचं डावं बोट

गुणवंत सबनीसांना माणसांची किंमत लावून ठेवायची सवय होती. फरीदाबादच्या त्यांच्या सरकारी ऑफिसात कोण किती कामाचा आणि कोण नुसता खुर्ची उबवणारा, हे त्यांच्या डोक्यात रोजच्या रोज मांडलेलं असे. त्या हिशोबात एकच माणूस कधी बसला नाही: संग्राम वाळिंबे. काम बेताचं, हुद्दा बेताचा, पण सहलीत त्याने गिटार काढली की सगळं ऑफिस त्याच्याभोवती. सबनीसांनी स्वखर्चाने आणलेल्या समोशांभोवतीही इतकी माणसं जमत नसत.

पावसाळ्यात वाळिंबे अचानक गेला. दिवाळीनंतर त्याची बायको कुमुदिनी म्हणाली, "भाऊजी, ती गिटार तुम्ही न्या. समोर दिसली की मला घास उतरत नाही." सबनीस दोनदा "छे छे" म्हणाले आणि तिने विचार बदलायच्या आत गिटार घेऊन निघाले. संक्रांतीला मराठी मंडळाचं तिळगूळ संमेलन होतं. या वर्षी गर्दी आपल्याभोवती जमायला हवी, एवढंच त्यांना हवं होतं.

मोबाईलवर व्हिडिओ लावून बाल्कनीतल्या उन्हात शिकणं सुरू झालं. ई मायनर कॉर्ड दोन बोटांत आला. सी कॉर्डला मात्र तीन बोटं तीन तारांवर, आणि तिसरं पोचेपर्यंत पहिलं घसरलेलं. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना हात असा अडखळे की त्यांची बायको हेमलता आतून म्हणे, "बिल्कुल आपला जुना मिक्सर." बोटांवर तारांच्या खाचा पडल्या, मग फोड आले, मग कातडी निबर झाली. आणि एका सकाळी हात सीवरून जीवर अलगद गेला. सबनीस तेव्हा अजून कुठलं बोट आधी उचलायचं याच विचारात होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या हजेरीच्या यंत्रावर त्यांनी बोट टेकवलं. यंत्रात त्यांचं डाव्या हाताचंच बोट नोंदलेलं होतं, कारण नोंदणीच्या वेळी उजव्या हातात चहा होता आणि तो फुकटचा होता. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "धन्यवाद." पडद्यावर वाळिंबेचा फोटो हसत होता.

प्रशासनातल्या निधीने बोट उलटसुलट करून पाहिलं. "सर, घट्टे पड़ गए हैं, मशीन कन्फ्यूज हो रही है. और वाळिंबे सर का नाम हटाना रह गया था."

तिने त्यांच्यासमोर नाव काढून टाकलं. दुसऱ्या सकाळी सबनीसांनी बोट ठेवलं, आणि वाळिंबे पुन्हा हसला. सबनीस गैरहजर लागले.

"ये तो हो ही नहीं सकता," निधी म्हणाली, आणि त्यानंतर तिने त्यांच्या बोटाला हात लावला नाही.

घरी हेमलताने सगळं ऐकून घेतलं. "गिटार बंद करा. कातडी सुटेल, तुमचं बोट परत येईल."

"संक्रांत होऊ दे, मग ठेवतो."

"तोवर तुम्ही उरलात तर."

"तू पण ना यार. घट्टे आहेत ते."

"काल तुम्ही चहात आलं मागितलंत. लग्न झाल्यापासून आल्याला नाकं मुरडताय तुम्ही."

 सबनीसांनी सवयीने तोलून पाहिलं. एका बाजूला यंत्रातलं एक नाव, दुसऱ्या बाजूला हॉलभर माणसं. त्यांनी गिटार उचलली.

संक्रांतीच्या दुपारी वसाहतीचा हॉल भरला होता. सबनीसांनी वाजवायला घेतलं आणि खुर्च्या पुढे सरकल्या. लोक टाळ्यांचा ठेका धरू लागले. मधेच त्यांनी एक विनोद केला, हॉल खदखदून हसला. तो विनोद आपल्याला कधीपासून येतो, हे त्यांना आठवेना.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगदी वाळिंबे, हो."

आता थांबावं, असं त्यांना वाटलं. हात थांबला नाही. तो व्हिडिओत कधीच न दाखवलेल्या जागांवर जात होता, आणि तारा बोटांत रुतत असूनही काही जाणवत नव्हतं. त्यांनी हेमलताला शोधायला मान वळवली. मान समोरच, पहिल्या रांगेत बसलेल्या कुमुदिनीकडे, राहिली.

कुमुदिनी उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज घरातला, रोजचा होता. "अहो, पुरे आता. तुमची गोळी राहिलीय."

हात तिथल्या तिथे थांबला. सबनीसांनी आयुष्यात कसली गोळी घेतली नव्हती. ते गिटार खाली ठेवून मुकाट्याने तिच्यामागे निघाले.

दाराशी हेमलताने त्यांची बाही पकडली. "कुठे निघालात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत अदब होती, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या बायकोकडे पाहताना असते तेवढीच.

"वहिनी," ते म्हणाले, "आज सबनीस नाही आले?"