परताव्याचं उणे चिन्ह कोण काढतंय?

अगं ऐका ना, मी नानांना चोर ठरवून मोकळी झाले होते!

म्हणजे बघा, आमच्या कंपनीने एक दुसरी कंपनी विकत घेतली. दोघांचे हिशोब दोन वेगळ्या सिस्टिमवर, आणि सरकारी पोर्टलला अहवाल हवा एकाच साच्यात. त्यांचं कुठलं खातं त्या साच्याच्या कुठल्या रकान्यात जाणार, तो जोडतक्ता माझ्या गळ्यात. पहिलंच मोठं काम! आणि रोज सकाळी बघते तर काय, परत आलेल्या मालाच्या आकड्यांपुढचं उणे चिन्ह गायब. मी परत लावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब! बदल कुणी केला त्या नोंदीत नाव नानांचं. म्हणजे त्या कंपनीचे जुने अकाउंटंट. कुणाशी बोलणं नाही, मी मागून गेले की स्क्रीनवरची फाइल झटकन बंद! आता कुणालाही संशय येईल की नाही?

मी आमच्या विभागप्रमुख मॅडमना मेल ठोकला, 'हे परतावा लपवून विक्री फुगवतायत.' शुक्रवारी चारपर्यंत अहवाल जायचा होता. मॅडमनी दुपारीच नानांचा पासवर्ड बंद केला. सोमवारी चौकशी, नोकरीवरच गदा.

नाना डबा पिशवीत भरत होते. म्हणाले, "पोरी, तुझ्या तक्त्याची बेरीज बघितलीस?"

"मला शिकवू नका."

"नाही शिकवत. नुसती बघ."

बघितली. त्यांचा हात न लागलेली, माझी स्वतःची. विक्री टम्म फुगलेली! अगं, नवा साचा परतावा आपणहून वजा करतो, आणि त्यांची सिस्टिम आधीच उणे लावून पाठवते. दोनदा उणे, म्हणजे मिळवलंच की!

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

"तीन मेल केले."

शोधले, तर कचऱ्यात. नाना रोज सुविचार पाठवतात (ती झटकन बंद होणारी फाइल त्यांचीच!) म्हणून त्यांचे सगळे मेल परस्पर तिकडे जातील अशी सोय मीच करून ठेवलेली.

साडेतीन झालेले. नाना ओळी सांगत गेले, मी चिन्हं काढत गेले. एक्केचाळीस! चारला तीन मिनिटं असताना पोर्टलने अहवाल घेतला.

"सॉरी, नाना," मी हळूच म्हटलं.

"माझ्या कानात काय सांगतेस? तक्रार मेलवर केलीस ना? मग हेही मेलवरच. मॅडमना. सगळ्यांना कॉपी."

चार ओळी लिहायला अर्धा तास लागला गं. आणि नाना तेवढा वेळ शेजारी बसून एकेक शब्द वाचत होते.