गणपतीचे पाच दिवस

दर शनिवारी सकाळी दहाला सुबोध मुलुंडला दीप्तीच्या बिल्डिंगच्या गेटवर हजर असायचा. घटस्फोटाच्या वेळी कोर्टानं तसं ठरवून दिलं होतं. मुलगी आईकडे, शनिवार बापाचा. ऋतिका उड्या मारत खाली यायची आणि संध्याकाळी सहापर्यंत सुबोधला जगात दुसरं काही नको असायचं. बाकीचे सहा दिवस पवईतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात जायचे.

मग दीप्तीची बेंगलोरला बदली झाली. नऊ वर्षांची पोर तिथून दर शनिवारी सुबोधच्या घरी कांजूरमार्गला कशी येणार? हुकूम बदलून घेणं भाग होतं.

त्याच्या वकील जयंतीबाई म्हणाल्या, "सगळ्या सुट्ट्या निम्म्या निम्म्या मागू. तीच पद्धत आहे."

"दसरा, दिवाळी, नाताळ तिला राहू दे. मला उन्हाळ्याचा एक आठवडा आणि गणपतीच्या सुट्टीचे पाचही दिवस पाहिजेत."

साहेबानं रजा नाकारली की नोकरीवर पाणी सोडून गणपतीला गावी जाणाऱ्यांच्या घराण्यातला हा. गणपती म्हटलं की डोकं चालेनासं व्हायचं. त्यात मूर्ती घरी आणताना पुढे झांज वाजवायचा मान ऋतिकाचा, चार वर्षांची असल्यापासून.

सह्या व्हायच्या आधी दीप्तीनं त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. "ऐक ना सुबोध. तिकडे गणपतीला शाळा एकच दिवस बंद असते रे. मोठी सुट्टी दसऱ्याला, पंधरा दिवस. ती माग."

सुबोधला वाटलं, ही आता गणपतीही काढून घेतेय. "मला शिकवू नकोस," तो म्हणाला आणि आत जाऊन सही करून मोकळा झाला.

ऑगस्टच्या शेवटी दीप्तीनं शाळेच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. गणेश चतुर्थीला एक दिवस सुट्टी, त्याच आठवड्यात परीक्षा सुरू. खाली तिनं एक शब्दही लिहिला नव्हता. चार बोल सुनावले असते तर उलट भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी मूर्ती आणताना झांज त्याचे वडील जयवंत यांनी वाजवली. सत्तरीतला माणूस, ताल दर दोन पावलांनी चुकत होता. आरतीला सुबोधनं फोन उंच धरला. फोनमध्ये ऋतिका शाळेचं पुस्तक मांडीवर ठेवून टाळ्या वाजवत होती, पण टाळी इथं पोचेपर्यंत ओळ पुढे गेलेली असायची. त्याच्या आईनं, प्रेमाबाईंनी, नातीच्या नावाचा मोदक वेगळा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सुबोधनं एकट्यानं उभ्या उभ्या खाल्ला.

दसऱ्याच्या आधी त्यानं दीप्तीला फोन केला. "या सुट्टीत पाठवशील का तिला?"

"आधी बोलला असतास तर पाठवली असती. आम्ही सगळे म्हैसूरला चाललोय, तिकिटंही काढली. मी तेव्हा सांगत होते ना तुला?"

"हो," सुबोध म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

ते पंधरा दिवस तो रोज एकेक तास जास्त काम करत राहिला. नंतर एका शनिवारी जयंतीबाईंच्या ऑफिसात जाऊन बसला. हुकूम पुन्हा बदलायचा होता.

"अर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. "पण सही तू स्वतः केली आहेस. कारण काय लिहू?"

"लिहा, तिनं खरं सांगितलं होतं, मलाच खोटं वाटलं."

"असं कोर्टात लिहीत नाहीत रे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे दीप्तीला सांगितलंस कधी?"

सुबोधनं नकारार्थी मान हलवली. सात वर्षांच्या संसारात 'तुझं बरोबर, माझं चुकलं' असं कधी सांगितलं नव्हतं, ते आता कुठलं सांगणार?