आठ वाजताची गोळी

विसाव्या मजल्याच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या माणसाला भीती ठाऊकच नसेल, असं लोकांना वाटतं. काचवाल्याला ती चांगलीच ठाऊक होती. रोज सकाळी गच्चीवर तो कमरेचा पट्टा आवळायचा, दोराची गाठ तीनदा ओढून बघायचा, प्रभूचं नाव घ्यायचा आणि मगच कठड्यापलीकडे पाय टाकायचा. गाठ ओढली की तिथली भीती निम्मी व्हायची. त्या रविवारी सकाळी प्रार्थनेच्या हॉलमध्ये मात्र ओढून बघायला हाताशी काहीच नव्हतं.

शर्टाच्या खिशातून लेकीच्या गोळ्यांची बाटली डोकावत होती. चिमणी सात वर्षांची, तिला फिट यायच्या. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक. मनाने बंद केल्या तर एखादी फिट थांबायचीच नाही आणि पोर हाती लागणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. महिन्यापूर्वी एका पाहुण्या उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तेव्हापासून फिट आली नव्हती. गोळ्याही चालूच होत्या, पण त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं.

आज तेच उपदेशक परत आले होते. पुढच्या टेबलावर पत्र्याची पेटी उघडी होती.

"सैतानाला आत शिरायला एवढीशी फट पुरते," ते म्हणाले. "प्रभूऐवजी ज्याच्यावर भिस्त ठेवलीत, ते इथे आणून टाका."

लोक एकेक करून उठले. कोणी ताईत टाकला, कोणी सिगारेटचं पाकीट. उत्साहाच्या भरात एका आत्याबाईंनी चष्माही टाकला आणि परतताना भलत्याच्याच मांडीवर बसता बसता राहिल्या. एरवी काचवाल्याला हसू आवरलं नसतं. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण पुढचा नंबर कोणाचा ते त्याला कळून चुकलं होतं.

"चिमणीचे बाबा," उपदेशक म्हणाले, "खिशातलं आणा."

सगळ्या माना वळल्या. आठला पाच मिनिटं कमी होती. बायको त्याच्या कानाशी कुजबुजली, "द्या ना हो. तुमच्यामुळे पुन्हा सुरू झालं, तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही."

लेकीचं बोट धरून तो पुढे निघाला, पण पाय जमिनीवर टेकतायत असं वाटेना. पोरीला गोळी दिली आणि खरंच तीच फट असली तर? नाही दिली आणि डॉक्टरीणबाई खरं बोलत असल्या तर? दोन्हीकडून पोरच जात होती.

"भाऊ, प्रार्थना आम्ही रोज करतो," तो म्हणाला. "गोळीपण राहू दे."

"म्हणजे प्रभूवर अर्धाच भरवसा?" उपदेशकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "उडी टाका, बाबा. तो झेलेल. शास्त्रात तसं वचन आहे."

उडी. देवळाच्या शिखरावर उभं करून प्रभूला हेच सैतानाने सांगितलं होतं, तेही वचनाचाच दाखला देऊन. हा माणूस वाईट नव्हता, पोरीवर त्याची माया होती, आणि त्याच्या तोंडून हे ऐकू यावं याचीच काचवाल्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"उडी टाक असं प्रभूला कोण म्हणालं होतं, भाऊ?" त्याने विचारलं. "प्रभूने टाकली नाही. मीपण टाकणार नाही."

घड्याळात आठ वाजले. त्याने झाकण उघडलं, एक गोळी खाली सांडली, दुसरी चिमणीने पाण्याबरोबर गिळली. उपदेशकांनी पेटीचं झाकण लावलं.

आणि दुपारी, ताटं उचलताना, चिमणीला फिट आली.

त्याने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली शर्टाची घडी सरकवली आणि घड्याळाकडे बघत राहिला. बायको दारातून म्हणाली, "बघा. आली. तुम्हीच बोलावलीत." तेच शब्द त्याच्या आतूनही कोणीतरी बोलत होतं, जास्त गोड आवाजात. एक मिनिट झालं. त्याला एवढीच प्रार्थना सुचली, 'प्रभू, मी इथून हलत नाही. तूही हलू नकोस.' दुसरं मिनिट संपता संपता तिचे हातपाय सैल पडले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "बाबा, माझ्यात सैतान आहे का?"

हॉलमधलं सगळं तिनेही ऐकलं होतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही, राणी. तुला आजार आहे. सैतान बाबाच्या कानाशी होता."

"गेला?"

हो म्हणावंसं फार वाटलं. "अजून नाही," तो म्हणाला. "पण मी त्याचं ऐकलं नाही."

दारात उभी असलेली बायको आत गेली.

रात्री आठला त्याने खिसा चाचपला, तर बाटली नव्हती. धावतच तो आतल्या खोलीत गेला. बायको चिमणीच्या उशाशी बसली होती, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी. पेल्यातलं पाणी हलत होतं.

"प्रार्थना तुम्ही करा," ती म्हणाली. "मला अजून भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला आणि त्याने तिच्या शेजारी गुडघे टेकले.