उलट वाजणारं मशीन

बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर हलक्या थापा मारत तेजस्विनी दारापर्यंत गेली, आणि कडी काढायच्या आधीच तिला कळलं, की आज आपण योगिनीशी नीट वागणार नाही आहोत.

योगिनी आत आली ती लॅपटॉपची बॅग, वायरींचं भेंडोळं आणि बाळासाठी लोकरीचा ससा घेऊन. केस कापले होते तिने. डोळ्यांखाली काळं नव्हतं, कपड्यांवर दुधाचा डाग नव्हता. "अगं, केवढं झालं गं हे पिल्लू! तेजू, तू मात्र वाळलीस हं."

"सात महिन्यांनी आलीस, म्हणून तसं वाटतंय," तेजू म्हणाली. हसत म्हणाली, पण सात हा आकडा जरा दाबूनच.

कॉलेजात बाकीच्या मुली सिनेमातली गाणी गुणगुणायच्या, तेव्हा या दोघी लहानपणच्या टीव्ही गेममधल्या सुरावटी गुणगुणायच्या. त्यातूनच मैत्री जमली. गेमच्या त्या जुन्या मशीनच्या पोटात आवाजाची एक चिप असते, बोटाच्या पेराएवढी. तिला चारच आवाज येतात: सुराला दोन, खाली घुमायला एक खर्ज, आणि चौथा नुसता 'खश्श', त्याचाच ताशा करायचा. एवढ्यावर कुणीकुणी परदेशात बसून चाळीस वर्षांपूर्वी समुद्र उभे केले होते, हरलेल्या राजाचं रडणं उभं केलं होतं. आपणही करायचं, असं या दोघींनी ठरवलं. सूर तेजूचा, खर्ज आणि ताशा योगीचा. सहा वर्षांत त्यांनी अकरा सुरावटी केल्या. मग तेजूचं लग्न झालं, ती इंदिरानगरला आली, आणि मग हे बाळ.

आता योगिनीने एक सुरावट एकटीने केली होती. सूरसुद्धा तिचाच.

"फोनवर म्हणाले तेच गं," योगिनी वायरी सोडवत म्हणाली. "ते स्पर्धावाले दर वर्षी जगभरातून दहाच निवडतात. जुन्या चिपवर केलेल्या सगळ्यांत चांगल्या दहा. अट एकच, खऱ्या मशीनमधून वाजवून रेकॉर्ड केलेलं हवं. आणि माझं मशीन नेमकं मेलंय. उद्या संध्याकाळी सहाला मुदत संपते. तुझ्या मशीनशिवाय गती नाही बाई."

योगिनीचं मशीन तिच्या मामाने दुबईहून आणलं होतं, अस्सल. तेजूचं होतं मेन रोडवरच्या दुकानातलं, नक्कल केलेलं. एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात असलेल्या तिच्या वडिलांनी ती चौथीत पहिली आली तेव्हा घेतलं होतं. तेजूने ते माळ्यावरून काढून, पुसून ठेवलं होतं. पुसताना मनात म्हटलंही होतं, माझं मशीन लागतं, मी नाही लागत.

योगिनीने मेमरी कार्ड गेमच्या एका कॅसेटमध्ये घातलं, कॅसेट मशीनमध्ये खुपसली, मशीनची एक वायर लॅपटॉपला, दुसरी सासूबाईंच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडली. सासूबाई, सुमनबाई, ताटात मेथी निवडत बसल्या होत्या.

सुरावट वाजू लागली.

तेजूला पहिल्या दोन ओळींतच कळलं. तिचं मशीन उलट वाजत होतं.

सुराच्या दोन आवाजांना पोत देता येतो: एक गोल, भरलेला, तोंड मिटून गुणगुणल्यासारखा. दुसरा बारीक, नाकातला. नक्कल करणाऱ्यांनी चिप बनवताना या दोन पोतांची अदलाबदल करून ठेवलेली असते. गोल मागितला की बारीक येतो, बारीक मागितला की गोल. गरोदरपणात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा तेजूने अस्सल मशीनच्या रेकॉर्डिंगशी ताडून ताडून हे शोधलं होतं. लहानपणी आपण सगळं उलटंच ऐकलं, त्याच्यावरच जीव लावला, हे कळल्यावर ती एकटीच हसली होती. योगीला सांगायचं होतं. पण त्या दिवसांत योगीचा फोन आला नाही, आणि ते सांगणं राहून गेलं.

आता योगीचा सूर नाकात बोलत होता आणि मागची साथ फुगून पुढे आली होती. वरातीत करवल्यांनी नवरीला मागे ढकलावं तसं.

"मिक्सरमध्ये पोपट अडकलाय का गं?" सुमनबाईंनी मेथीवरून मान वर न करता विचारलं.

"आई!" तेजू म्हणाली. योगिनी खळखळून हसली, मग कपाळाला आठी घालून टीव्हीजवळ कान नेला. "तेजू, घरी हेडफोनवर वेगळंच लागत होतं गं. टीव्हीचा स्पीकर असाच आहे का?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लॅपटॉपवरच्या सुरावटीच्या प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी आकडे बदलायचे, पुन्हा कार्डावर घालायचं. दहा मिनिटांचं काम.

बाळाने तेजूच्या गळ्यातली काळी पोत मुठीत धरून ओढली.

"जुना आहे ना," तेजू म्हणाली. "असाच आहे."

"मग ठीक." योगिनीने तीन वेळा रेकॉर्ड केलं, चहा घेतला, ससा बाळाच्या पायाशी ठेवून गेली.

त्या रात्री तेजूला शांत झोप लागली, आणि त्याचंच तिला सकाळी वाईट वाटलं.

रविवारी नऊच्या सुमारास ती बाळाला पाजत होती. तिचा नवरा हर्षल भाजी आणायला गेला होता. फोनवर योगिनीने रेकॉर्डिंग पाठवलं होतं, खाली लिहिलं होतं: 'ऐक. दुपारी एकदा नीट ऐकून पाठवून देते. तू नसतीस तर घरीच राहिलं असतं हे.'

तेजूने एक कान बाळासाठी मोकळा ठेवला, दुसऱ्यात इअरफोन घातला. काल तिने फक्त चूक ऐकली होती. आज ती चुकीच्या आत शिरून ऐकू लागली. मधल्या भागात सूर एकाएकी थांबत होता आणि त्याचाच शेवटचा तुकडा दुसऱ्या आवाजात, जरा उशिरा, जरा हळू, परत येत होता. कुणी पायऱ्या उतरून गेल्यावर जिन्यात आवाज राहतो तसा. हे मला सुचलं नसतं. बाळ झालं नसतं, रोज आठ तास झोप मिळाली असती, तरी नसतं सुचलं. आजवर ती मनात म्हणत आली होती की योगीला वेळ आहे म्हणून जमतं. आता तेही म्हणायची सोय उरली नव्हती.

आणि नेमकी ती जागा या मशीनने मातीत घातली होती. परत येणारा तुकडा दूरचा वाटायच्या ऐवजी अंगावर येत होता.

तिने चार वेळा ऐकलं. बाळ पिता पिता थांबून तिच्याकडे बघू लागलं. तिला त्या चुकीची इतकी चीड आली, जणू तिचीच सुरावट कुणी बिघडवली होती. हेवा करायचा तर नीट वाजलेल्या सुरावटीचा करावा. असल्या नाक दाबलेल्या सुराचा कसला हेवा करायचा?

तिने फोन लावला.

"योगी, पाठवू नकोस. माझं मशीन उलट वाजतं." आणि तिने सगळं सांगितलं, गोल आणि बारीक, अदलाबदल, दोन आकडे.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग योगिनीने विचारलं, "हे तुला आत्ता कळलं?"

"नाही."

"काल कळलं होतं?"

"पहिल्या दोन ओळींत."

"मी तोंडाने विचारलं होतं तुला, तेजू."

"हो."

"येते," एवढंच म्हणून योगिनीने फोन ठेवला.

नाशिक रोडहून स्कूटरवर ती पाऊण तासात आली. तेजूकडे तिने पाहिलंही नाही. जे बोलायचं ते बाळाशी.

"काय रे सोन्या, तुझी आई प्यायला पाणी देते का, की त्यालाही मुदत संपायची वाट बघायची?"

तेजूने पाणी दिलं.

"आणि मोठा झालास की मावशीला खरं सांगशील ना? कुणावर जाऊ नकोस हं."

सुमनबाई दारातून एकदा डोकावल्या, दोघींची तोंडं पाहिली, आणि आत गेल्या.

योगिनीने आकडे बदलले, कार्ड घातलं. सुरावट सुरू झाली. सूर गोल निघाला, साथ बारीक होऊन मागे सरली, आणि ती मधली जागा आली तेव्हा टीव्हीच्या त्या फुटक्या स्पीकरमधूनही जिना उभा राहिला. तेजूचा जीव कालच्यापेक्षा दुप्पट जळला. तिने बाळाच्या टाळूवर ओठ टेकवले आणि संपेपर्यंत तिथेच ठेवले.

"बोला," योगिनी स्क्रीनकडे बघत म्हणाली. "आणखी काही लपवलंय? आत्ताच सांगून टाक."

तेजूने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "शेवटी सूर परत येतो ना, तिथे खर्ज लगेच येतो. दोन मात्रा येऊ नको देऊस. एकटं राहू दे सुराला."

"खर्ज माझा प्रांत आहे."

"म्हणूनच सांगतेय. तुला सोडवत नाही तो."

योगिनीने ओठ चावला. दोन मात्रा पुसल्या, पुन्हा वाजवलं. सूर येऊन क्षणभर अधांतरी उभा राहिला, मग खाली खर्जाने त्याला झेललं.

"हं," ती म्हणाली. पुसलेलं तिने पुसलेलंच ठेवलं.

पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून, हेडफोनवर तपासून चार वाजता तिने सुरावट पाठवली. नावाच्या रकान्यात तिने आपलं एकटीचं नाव लिहिलं. तेजू मागे उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती. शेजारी जागा होती. ती तशीच राहिली, आणि ते बरोबरच होतं, हे तेजूला पटत होतं आणि सहन होत नव्हतं.

"हेवा वाटला तुला," योगिनी म्हणाली. या वेळी तिच्याकडे वळून.

"वाटला नाही. वाटतोय."

"अजून?"

"आता तर जास्त."

राग अजून होता योगिनीच्या डोळ्यांत. तिने वायरी गुंडाळायला घेतल्या.

"योगी, सुरावटी करायचा हा तुझा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर टाकून जा," तेजू म्हणाली.

योगिनीचे हात थांबले. तेजूच्या खांद्यावर बाळाची मान लुळी पडली होती, उघड्या तोंडातून तिच्या ब्लाउजवर लाळ झिरपत होती.

"हे किती वेळ झोपतं?"

"दुपारचं? चाळीस मिनिटं. फार तर पाऊण तास."

"मग बोलत काय उभी राहिलीस?" योगिनी म्हणाली. "त्याला खाली ठेव आणि लॅपटॉप आण."