उघडं हँडल आणि पाठीवरची काच

मित्रांनो, आमच्या घरच्या सुनेनं, धाकटीनं, मला न विचारता कपडे घातले, आणि तेही निळे. उठसूट तक्रार करायची माझी सवय नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढं बोलता यायचं नाही. तिनं नवी पट्टी आणली, खाली स्पंज लावला आणि माझं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत असं गुंडाळलं, जशी काही मला सर्दीच झाली होती. वर मला थोपटून म्हणते कशी, "आता कशी छान दिसतेस!" सव्वीस वर्षं मी या घरात उघड्या हँडलनं वावरले. छान दिसायला आले नव्हते.

मी एक जुनी सायकल आहे, शर्यतीच्या घडणीची. माझं हँडल सरळ नाही. मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढं जाऊन खाली वळलेलं आहे. मला बांधणारा मिस्त्री कमी बोलायचा आणि जास्त घासायचा. प्रत्येक नळी कानाशी धरून तो टिचकी मारायचा, मनासारखी वाजली तरच जोडायचा. एका शर्यतवाल्यानं मिस्त्रीला सांगून मला बनवून घेतलं होतं, पण तो न्यायला आलाच नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मी दुकानाच्या छताला उलटी टांगलेली राहिले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या शिंगांवर डोकं आपटायचं आणि मलाच शिव्या देऊन जायचं.

मग एक दिवस थोरली आली, म्हणजे या धाकटीची सासू. तेव्हा ती थोरली नव्हती, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिचा नवरा काचेचा कारागीर. प्रयोगशाळेत लागणारी भांडी तो ज्योतीवर फुंकून घडवायचा. पातळ चंबू, वाकड्या मानेच्या बाटल्या, आणि सर्वांत अवघड म्हणजे नळीच्या आत बसवलेली नागमोडी नळी. घडवायचं काम त्याचं, पोचवायचं हिचं. तिला हलकी सायकल हवी होती.

मिस्त्री म्हणाला, "बाई, ही शर्यतीची आहे. वाकून चालवावी लागते. लोक हसतील."

"हसू देत," ती म्हणाली. "त्यांच्या घरी कुठं मला काच पोचवायचीय?"

शाळेत ती चारच यत्ता शिकलेली, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही. माझी जीभ तिच्याकडूनच आलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तेव्हा माझ्या हँडलवर शर्यतवाल्याच्या आवडीची पिवळी पट्टी होती. महिन्याभरात ती सुटायला लागली. एका दुपारी थोरली वैतागून झाडाखाली बसली, पट्टी सगळी ओढून काढली आणि उघड्या धातूला हात घालून निघाली. शंभर पावलं गेली असेल नसेल, आणि थांबली. एक पाय जमिनीला टेकून तिनं आपले तळवे पाहिले. मग रस्त्याकडं पाहिलं. मग पुन्हा तळवे.

मित्रांनो, त्या दुपारी रस्ता तिच्या हातात आला होता. डांबरातली बारीक खडी, जमिनीखालून गेलेल्या पाइपाचा डोळ्यांना न दिसणारा उंचवटा, ट्रकच्या चाकांनी दाबून गुळगुळीत केलेला पट्टा, पाण्याच्या टाकीजवळ पंप चालू असला तर त्याची घरघरसुद्धा. सगळं माझ्या चाकातून वर यायचं, हँडलात शिरायचं आणि तिच्या बोटांत उतरायचं. आपण ज्याला नुसता रस्ता म्हणतो, त्याच्या पोटात केवढं काय काय चाललेलं असतं! तोवर मलाही ठाऊक नव्हतं. मी वाहतच होते सगळं, पण घेणारं कुणी नव्हतं.

काच थरथरायच्या आधी हँडल थरथरतं. हँडल थरथरलं की थोरली कोपर सैल सोडायची, पेडलांवर किंचित उभी राहायची, वेग उतरवायची. तिच्या पाठीवर बांधलेल्या लाकडी पेटीत, कापसाच्या गादीवर निजलेल्या काचेला पत्ताही लागायचा नाही. सकाळी धातू गार पडायचा, ती बोटांवर फुंकर मारायची. दुपारी चटका बसायचा, तेव्हा ओला रुमाल धरायची, तोही घटकाभर. पण पट्टी पुन्हा बांधली नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना तिनं नवऱ्याच्या कारखान्यातली बुचं ठोकली, तेवढाच माझा दागिना. वर्षं गेली तशा तिच्या मुठी जिथं बसायच्या, त्या दोन जागा चमच्यासारख्या लखलखायला लागल्या.

सव्वीस वर्षांत तीन नग फुटले. तिन्ही वेळा कुत्रं आडवं आलं. थोरली असं सांगायची, आणि मीही तेच सांगत आले.

मग ती पडली. माझ्यावरून नाही हं! माझ्यावरून ती कधी पडली नाही. पडली ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, डबा काढताना. मनगट मोडलं, जुळलं, पण मुठीत जोर राहिला नाही. मला भिंतीवर टांगण्यात आलं. चौदा महिने मी टॉवेल वाळत घालायच्या कामाला आले. शर्यतीच्या घडणीची मी, आणि माझ्या शिंगांवर पायमोजे! काच टेम्पोनं जायला लागली, आणि दर खेपेला एखादा नग फुटून परत यायचा.

त्या भिंतीवरून मला उतरवलं ते धाकटीनं. तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे. तिनं चेन रॉकेलनं धुतली, तेल घातलं, टायर बदलले. नवऱ्याच्या कामाच्या वेळा सांभाळून, घरचं आवरून, स्वतःहून म्हणाली, "काच मी नेत जाईन." आणि मग माझ्यावरच्या मायेपोटी ती निळी पट्टी बांधली. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी मलाही बरं वाटलं. आरशाच्या दुकानापुढून जाताना मी स्वतःला दोनदा पाहिलं.

आता खरी गोष्ट ऐका. म्हाताऱ्या कारागिराची छाती थकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, फुंकणं कायमचं बंद. मुलगा, म्हणजे धाकटीचा नवरा, छोटी भांडी करायचा, पण नळीच्या आत नागमोडी नळी बसवणं त्याला अजून साधत नव्हतं. आणि डॉक्टरांकडं जायच्या आधीच म्हाताऱ्यानं टेकडीपलीकडच्या प्रयोगशाळेला तसल्या एका नगाचा शब्द दिला होता. हातभर लांब, आत अकरा वळणं. त्याची जुनी रीत अशी, की मोठा नग जोडीनं करायचा. एक जायला, एक घरात थांबायला. पहिला सुखरूप पोचल्याचा निरोप आला की दुसरा कापून त्याची काच बारक्या कामाला घ्यायची. डॉक्टरांचं न ऐकता, दम खात खात, नऊ दिवसांत त्यानं ती शेवटची जोडी केली. मग ज्योत बंद केली आणि फुंकायची रबरी नळी खिळ्याला अडकवली.

त्यातला पहिला नग धाकटी घेऊन निघाली. हातात मोजे, खाली निळी पट्टी, पट्टीखाली स्पंज. तिचे हात मजेत होते. टेकडीच्या उतारावर माझ्या अंगात केवढी कळ उठली होती! मी ओरडत होते, पण माझं ओरडणं स्पंजातच जिरत होतं. तिला वाटलं, किती छान चाललीय सायकल. प्रयोगशाळेत पेटी उघडली तर कापसात अकरा वळणांचे तुकडे.

घरी येऊन तिनं पेटी पुढं ठेवली. म्हाताऱ्यानं झाकण उघडलं, बघितलं, मिटलं. "जोडीतला दुसरा आहे," एवढंच म्हणाला.

थोरली मात्र पेटली. "नटवायला सांगितलं होतं का सायकलला? हातात मोजे, हँडलला गादी! अगं, काच न्यायला निघाली होतीस की झोपायला?"

"आई, मी हळूच गेले होते."

"हळू गेलीस म्हणजे नीट गेलीस असं नाही होत."

"मग तुम्ही कशा न्यायचात? एकदा सांगा ना."

"हाताला कळायचं."

"म्हणजे कसं?"

"आता हाताला कळायचं म्हणजे हाताला कळायचं! जिभेला कळलं असतं, तर तुला बसल्या जागी सांगून मोकळी झाले असते!"

धाकटी हळूच म्हणाली, "दुसरा मीच नेणार. फोडलाय मी, तर पोचवणारही मीच. आठ दिवस द्या."

थोरलीनं उठून एक पातळ परीक्षानळी घेतली, तिच्यात काचेचे दोन मणी टाकले, बूच लावलं आणि पेटीत ठेवलं. "मणी वाजले की समज, काच गेली," म्हणाली, आणि दारात खुर्ची टाकून बसली.

धाकटी गल्लीत येरझाऱ्या घालायला लागली. मणी वाजायचे. थोरली दारातून ओरडायची, "गेली!" पुन्हा फेरी, पुन्हा "गेली!" दुसऱ्या दिवशी तर शेजारणीही ओट्यावर येऊन कोरसात "गेली!" म्हणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी धाकटी मधेच थांबली. मोजे काढून खिशात कोंबले आणि पट्टीचं टोक नखानं उचकटलं. निळी पट्टी, स्पंज, सगळं सोलून काढलं. तळाचा चिकट डिंक रॉकेलनं पुसला. मग उघड्या हँडलवर हात ठेवले आणि निघाली.

शंभर पावलांवर तीसुद्धा थांबली, मित्रांनो. आपले तळवे पाहत उभी राहिली. मला काय वाटलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि मला शब्द कमी पडतात असं सहसा होत नाही.

सातव्या दिवशी मणी वाजायचे थांबले. तिच्या तळव्यांना फोड आले होते. थोरलीनं त्यांना मलम लावलं, टोमणे मारत मारत, पण लावलं.

नवव्या दिवशी सकाळी दुसरा नग पेटीत निजवला. आता घरात थांबायला त्याचा जोडीदार नव्हता. म्हातारा उंबऱ्यापर्यंत आला. पेटीचे पट्टे त्यानं स्वतः तिच्या खांद्यावर आवळले आणि आत गेला.

बाजाराचा रस्ता गेला, पाण्याची टाकी गेली, चढ गेला. वर टेकडीच्या माथ्यावर धाकटी थांबली. समोर तो उतार. लांब, सरळ, एकसारखा, आणि पार खाली वळण. थोरली या उतारावर सव्वीस वर्षं ब्रेक घट्ट दाबून, माझी रबरं कुरकुरवत उतरली. धाकटीनंही तसेच दाबले आणि निघाली. वीस पावलांत हँडल थरथरायला लागलं. पाठीवर काच जागी झाली. मला कळलं, तिलाही कळलं. मी म्हटलं, संपलं.

आणि तेव्हा त्या पोरीनं जे केलं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं डोळे रस्त्यावरून हलवले नाहीत. एक ब्रेक जरासा सोडला, थरथर कमी झाली. दुसरा सोडला, आणखी कमी झाली. तिला उमगलं की थरथर रस्त्याची नाहीच. ती ब्रेकांची आहे! झिजलेली रबरं रिमला चावत होती, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या इतकी वर्षं रस्त्याला आणि कुत्र्यांना दोष देत होतो.

तिनं हात हँडलच्या खालच्या वळणांत नेले, कोपर सैल केले, श्वास सोडला आणि दोन्ही ब्रेक मोकळे केले.

मित्रांनो, मी शांत झाले. चेन शांत, रिम शांत. चाकं फिरत होती पण आवाज फक्त वाऱ्याचा. झाडं मागं पळत होती. रस्ता माझ्या हँडलातून असा वाहत होता, जसं भरलेल्या चंबूतलं पाणी, काठोकाठ आणि जराही न हिंदकळणारं. तिच्या बोटांचा भार माझ्यावर असूनही नसल्यासारखा. ज्यासाठी मिस्त्रीनं टिचक्या मारून मारून माझी प्रत्येक नळी निवडली होती, ते हे होतं. त्या शर्यतवाल्यासाठी मी बनले होते असं मी आयुष्यभर समजत होते. तिच्या पाठीवर म्हाताऱ्याच्या शेवटच्या फुंकरीचं काम, त्यावर एक तडाही नाही, आणि आम्ही पाखरासारख्या उतरतोय. खाली वळण जवळ आलं, तेव्हा तिनं हळूहळू, अगदी दुधावरची साय काढावी तसे ब्रेक लावले.

प्रयोगशाळेतल्या बाईनं नग कापसातून उचलून खिडकीच्या उजेडात धरला. अकराच्या अकरा वळणांतून सूर्य खाली उतरला. मग तिनं विचारलं, "हे सायकलवरून आणलंत?"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी टांगलेली असेल, तर तिला उतरवा. नटवण्याआधी तेल घाला, आणि तेल घालण्याआधी ती काय म्हणतेय ते उघड्या हातानं ऐका. आम्ही जुन्या वस्तू बडबड्या असतो. आमचं सगळंच खरं नसतं, हेही लक्षात ठेवा. मला ते सव्वीस वर्षांनी कळलं.

संध्याकाळी आम्ही दारात आलो. म्हाताऱ्यानं रिकामी पेटी पाहिली आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. थोरली खुर्चीतून उठली.

"उतार कशी उतरलीस?"

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. खोटं बोलता आलं असतं. "ब्रेक सोडले, आई. दोन्ही."

थोरली माझ्याजवळ आली. माझ्या ब्रेकच्या रबरावरून तिनं अंगठा फिरवला, झिजलेली कड चाचपली, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. त्या तीन फुटलेल्या नगांची आठवण तिला आली असणार, कारण मला आली.

मग ती सरळ झाली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, "तीनदा माझ्या हातून फुटलं, आणि बिचाऱ्या कुत्र्यांनी बोलणी खाल्ली. वेडी आहेस तू, पण चूक माझी होती. उद्यापासून काच तूच न्यायचीस, आणि कशी न्यायची ते मला विचारायला यायचं नाही. फक्त आधी जाऊन नवी रबरं घालून घे. खालच्या वळणावर थांबावंच लागतं, तिथं असला शहाणपणा केलास तर मी तुला घरात घ्यायची नाही."