मगर कुणी सोडली

भाजे गावच्या सरपंचपदाच्या निवडणुकीत मी एक मगर सोडली. खरी नव्हे हो, थापेची. तरी पुण्याहून तिघांनी फोन करून तिची लांबी विचारली.

झालं असं. अंबाजी माझा पन्नास वर्षांचा मित्र, आणि त्याचा मुलगा अमृत निवडणुकीला उभा. अमृतचा डोंगराच्या पायथ्याशी बंगला आहे, शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्यानं देतो. तिथलं पोहायचं तळं चैत्रातही काठोकाठ, आणि गावच्या नळाला नुसती फुसफुस. एक दिवस ओसरीवर अंबाजी हळूच म्हणाला, "पोरानं गावच्या टाकीतून चोरून पाइप नेलाय. आपल्या गोठ्याखालनं. कुणाला बोलू नको, शिता."

"मेलो तरी न्हाई," मी म्हणालो.

बोललो नाहीच. लिहिलं. अमृतच्या समोर निर्मला उभी होती, तिच्या रिक्षावरच्या भोंग्यासाठी मजकूर लिहून दिला. 'ऐका हो ऐका. अमृतशेठच्या तळ्यात मगर आलीय. गोठ्याखालच्या पाइपातून ये-जा करते, जाताना गावचं पाणी पिऊन जाते. तुमच्या नळाला येतो तो तिचा ढेकर.'

"आबा, तुमचं नाव माझ्या पोटात राहील," निर्मला म्हणाली. त्या भरवशावर लिहिलं. नावानिशी मी मित्राच्या मुलाविरुद्ध एक अक्षर काढलं नसतं, आणि गाव अजून फुसफुस ऐकत बसलं असतं.

गाव हसलं. मग कुदळी घेऊन गोठ्यामागं गेलं. पाइप निघाला, अमृत पडला.

अंबाजीचा संशय गेला सुनेवर, राजेश्वरीवर. ती आणि निर्मला शाळेत एका बाकावर बसायच्या ना. माझ्यावर संशय घेतो कोण? मी घरचाच, वर थापाड्या; माझ्याकडून खरं काही बाहेर पडेल असं कुणाला वाटणार? त्या दिवसापासून दोन महिने अंबाजीनं सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. मी मात्र रोज त्याच ओसरीवर बसून तिच्या हातचा चहा प्यायचो, आणि गप्प राहायचो.

मग कुणीतरी अंबाजीच्या कानात भरलं, की उमेदवाराला कुणी काय दिलं, कुणी फुकट काम केलं, सगळं वडगावच्या तहसील कचेरीत लिहून द्यावं लागतं, आणि ते कागद मागता येतात. अर्ज लिहायला अक्षर चांगलं कुणाचं? माझं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मीच लिहून दिला. निर्मलाचा शब्द होता, भीती कसली.

कागद आला तेव्हा अंबाजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ओसरीवर बसलेला. राजेश्वरीला त्यानं मुद्दाम बोलावून दारात उभं केलं.

"वाच, शिता. हिच्या म्होरंच वाच."

मंडप वाचला, पत्रकं वाचली, रिक्षाचं भाडं वाचलं. शेवटच्या ओळीत होतं: 'भोंग्याचा मजकूर, विनामोबदला, अंदाजे किंमत पाचशे रुपये, देणारा...' आणि पुढं माझं नाव, बापाच्या नावासकट.

पोटातलं नाव निर्मलानं कचेरीत ओकलं होतं. कायद्यानं लिहिणं भागच होतं, असं ती नंतर म्हणाली. शब्द देताना तिला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता लोहगडाचा वाघ थापेथापेत रेल्वेनं कामशेतपर्यंत बिनतिकिटाचा नेलेला माणूस मी. एक नाव बदलून वाचणं काय अवघड? गेल्या साली वारलेल्या पोस्टमनचं जिभेवर आलंही होतं. पण राजेश्वरी माझ्या ओठांकडं बघत होती.

"सीताराम," मी वाचलं.

अंबाजी हसला. "लेका, आज तरी थापा नको. खरं वाच."

"सीताराम."

"हसवू नको रं, डोळा दुखतोय. नाव सांग."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा राजेश्वरीनं येऊन कागद माझ्या हातातनं घेतला. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"मामा," ती म्हणाली, "काकांचंच हाय."

अंबाजीचं हसू तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. मग म्हणाला, "पाइपाचं मीच तुला सांगितलं व्हतं."

"व्हय."

"हितंच बसून."

"व्हय."

"आन् मी हिला बोल लावत व्हतो तवा तू हितंच चहा पीत व्हतास."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर शब्दांचं दुकान चालवलं, आणि निघालं ते एवढंच. "निर्मलानं शब्द दिला व्हता रे, नाव येणार न्हाई म्हणून."

"मलाबी एकानं दिला व्हता," अंबाजी म्हणाला.

रस्त्यावरून पाहुण्यांची एक गाडी गेली.

"राजेश्वरी," अंबाजी म्हणाला, "चहा टाक."

ती आत वळली. मी सवयीनं पाय आखडून ओसरीवर नीट बसलो.

"एकच कप," अंबाजी म्हणाला.