राग हा निकष नाही, म्हणे!

"डॉक्टर, तुम्ही म्हणता ते संशोधन मुलींवर केलं होतं का?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली, आणि पैजेला मी कधी नाही म्हणत नाही. शाळेत आलेले पाहुणे डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, पाळीचं दुखणं वयाबरोबर आपोआप कमी होतं, संशोधनच सांगतं, तेव्हा जरा सोसायला शिका.

"मग काय उंदरांवर?" डॉक्टर हसले. अख्खा वर्ग खिदळला. पैज लावणाऱ्यासुद्धा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर महिन्याला मी उशी चावत पडते, शाळा बुडते, आणि घरी तीच टेप. आई म्हणते, "आम्ही नाही सोसलं?" बाबा म्हणतात, "डॉक्टरांना कळत नाही नि तुला कळतं!"

तडक मावशीकडे गेले. तिचं कामच ते: एका प्रश्नावरचे जगभरातले शोधनिबंध गोळा करायचे, आधी ठरवलेल्या निकषांवर गाळायचे, आणि उरलेले मिळून काय सांगतात ते मांडायचं. गाळायला दोघं जण, एकमेकांचं न बघता. "तू दुसरी," म्हणत तिने मला माझ्याच प्रश्नावर सरावाला बसवलं. मी सुटलेच. 'वयाबरोबर दुखणं कमी होतं' म्हणणारा एक निबंध दिसला. फेकला!

मग दोघींचे निकाल शेजारी ठेवले.

"हा का गं काढलास?"

"खोटारडा आहे म्हणून."

"कुठल्या निकषात बसतं हे?"

"अगं मावशे, तो त्या डॉक्टरसारखंच बोलतोय!"

"आणि तू त्याच्यासारखंच वागतेयस. नावडतं ते उडवून लावायचं. राग हा निकष नाही, बाई. पूर्ण वाच."

असली चिडले! दात-ओठ खात वाचला. आणि आत, बारीक अक्षरांत: दुखण्यामुळे शाळा बुडते अशा मुलींना या अभ्यासात घेतलेलं नाही.

घेतलेलंच नाही! ज्यांना सोसवत नाही त्यांना आधीच बाहेर काढायचं, आणि मग सांगायचं, सगळ्यांना सोसतं! मी टेबलावर मूठ आपटली.

"आता आपट," मावशी म्हणाली. "आणि हाच तू कचऱ्यात टाकत होतीस."

ते पान छापून घेतलं नि घरी आले. बाबांनी टेप लावायच्या आत ते दोघांसमोर ठेवलं.

"आई, बाबा, मी यात नाहीये. सोमवारी मी मावशीबरोबर स्त्रियांच्या डॉक्टरांकडे तपासून घ्यायला जातेय. सोसणं बंद. तुम्ही येताय का, तेवढं सांगा."